बागेतल्या गाडीला प्रवासी डबे जोडायचे आहेत (वळण लहान, बाबांना हवी डेक्कन क्वीन)

बेलापूरचं_अंगण | ४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

सीबीडी बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आमचं रो-हाउस आहे. मागचं अंगण साधारण पाच मीटर बाय चार. गेल्या वर्षी आतेभाऊ जर्मनीहून आला, तेव्हा त्याने एलजीबीचं (बागेत चालवायच्या मॉडेल गाड्या करणारी जर्मन कंपनी) एक छोटं इंजिन आणलं. दिसायला वाफेचं, चालतं विजेवर, चार चाकांचं. सोबत पितळी रुळांची पेटी आणि दोन मालडबे. पाऊस उघडल्यावर मी अंगणात चर खणला, तळाला विटांचे तुकडे, वर कच अंथरून धुमसला आणि लंबगोल मार्ग टाकला. रूळ ४५ मिमी गेजचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी. वळणं पेटीत आली तीच, ६०० मिमी त्रिज्येची. गाडी छान फिरते.

माझे बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. सगळी नोकरी प्रवासी डब्यांवर. रोज संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसतात, चार फेऱ्या बघतात आणि म्हणतात, "माणसं नसलेली गाडी किती वेळ बघायची रे?" त्यांना डेक्कन क्वीन हवी आहे. पूर्ण गाडी नको म्हणतात, दोन-तीन डबे पुरेत.

मग मी गणित मांडलं. आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, आपल्या गाड्यांचा नेहमीचा) २१,३३७ मिमी लांब, ३,२४५ मिमी रुंद. माझं इंजिन १:२२.५ प्रमाणातलं. त्या मापाने डबा निघतो ९४८ मिमी! तरी पुठ्ठ्याचा एक सांगाडा केला, खाली मालडब्यांची चाकं लावली आणि हाताने वळणावर ढकलला. पोट आतल्या बाजूला तुळशीच्या कुंडीवर आपटलं आणि दोन्ही टोकं रुळांच्या बाहेर लोंबत राहिली. तेव्हापासून काम थांबलंय.

डबा लहान करायचा तर किती आणि कुठून कापायचा? सनबोर्ड चालेल का? दिवे कसे लावायचे? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. मला बाबांच्या हातात काहीतरी द्यायचंय.

कळवा_यार्ड | ४ ऑक्टोबर, रात्री ११:२५

आधी प्रमाणाचा गोंधळ सोडवू, तिथेच सगळे अडकतात.

४५ मिमी रूळ हा एकच, पण त्यावर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या धावतात. एलजीबीने १९६८ साली सुरुवात केली ती युरोपातल्या मीटर गेज गाड्यांपासून. १००० भागिले २२.५ म्हणजे जवळपास ४४.४, म्हणून १:२२.५. स्टँडर्ड गेज १,४३५ मिमी, तिला ४५ मिमीवर बसवायचं तर १:३२. आपलं ब्रॉड गेज १,६७६ मिमी. भागून बघा, १:३७.२ येतं. म्हणजे गेजशी प्रामाणिक राहायचं तर तुमचा आयसीएफ डबा ५७४ मिमी लांब आणि ८७ मिमी रुंद हवा. ९४८ कधीच नव्हता.

पण मग दुसरी अडचण. तुमचं इंजिन मीटर गेजचं, अंगाने भरलेलं. त्याच्यामागे ८७ मिमीचा डबा खेळण्यातला वाटेल. मधलं प्रमाण घ्या. मी स्वतः १:३० वर आलो. रुंदी १०८ मिमी होते आणि इंजिनामागे डबा शोभतो. गेज त्या मापाने थोडं अरुंद पडतं, पण चार पावलांवरून ते कळत नाही. डब्याची रुंदी आणि उंची मात्र लगेच कळते.

नौपाडा_गोखले_रोड | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

मी ठाण्याचा, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिले डबे चार चाकांचे करा.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून जी गाडी आमच्या ठाण्याला आली, तिला १४ डबे आणि तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. त्या जमान्यातले डबे आखूड असत, बोगी (डब्याखालची चार चाकांची गाडी) वगैरे नाही, दोन आस आणि वर लाकडी पेटी. ३०० मिमी लांबीचा असा डबा ६०० च्या वळणावर मजेत फिरतो. तुमचं इंजिनही चार चाकी, जोडी जमते. मी सागाच्या पातळ पट्ट्यांचे तीन केले आहेत. फळ्यांच्या रेघा बोथट सुरीने ओढल्या, कोपऱ्यांना पितळी तार. एका डब्याला दोन रविवार लागतात.

डेक्कन क्वीन जरूर करा, पण ती शिकायची जागा नव्हे. पहिल्या डब्यात चाकांचं, वजनाचं, कपलिंगचं (डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्याचं) सगळं शिकून घ्या.

त्रिज्या_आणि_जीवा | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

पुठ्ठ्याचा सांगाडा आपटणं कागदावर आधीच कळलं असतं. सूत्र सोपं आहे.

दोन बोग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, आठपट त्रिज्येने भागा. डब्याचं पोट इतकं आत जातं. टोकांसाठी डब्याच्या पूर्ण लांबीच्या वर्गातून बोगी-अंतराचा वर्ग वजा करा आणि पुन्हा आठपट त्रिज्येने भागा. टोकं इतकी बाहेर जातात.

आयसीएफमध्ये बोगी-अंतर १४,७८३ मिमी. तुमच्या ९४८ च्या डब्यात ते ६५७ झालं. ६०० त्रिज्येवर पोट ९० मिमी आत आणि टोकं ९७ मिमी बाहेर. तुळस वाचणार कशी?

आता माझा प्रश्न. अंगण चार मीटर रुंद आहे, मग वळण ६०० चंच का? एलजीबीच्याच मापांत पुढची वळणं ७६५ आणि १,१७५ मिमीची मिळतात. १,१७५ चं वर्तुळ २.३५ मीटर व्यासाचं. तुमच्याकडे आरामात बसेल. डबा कापण्याआधी वळण मोठं करा. डबा कापला की कायमचा कापला जातो, रूळ उचलून पुन्हा टाकता येतात.

बेलापूरचं_अंगण | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर टेप घेऊन फिरलो. पूर्वेच्या टोकाला १,१७५ बसतं. पश्चिमेला आईने लावलेला सोनचाफा आहे, तो हलवणार नाही. तिथे ७६५ च्या वर जाता येत नाही. म्हणजे हिशोब ७६५ ने करायचा.

बाबांना धागा वाचून दाखवला. दोन गोष्टी त्यांनी लिहायला सांगितल्या आहेत.

पहिली: लोक डब्याला बोगी म्हणतात, ते चूक. बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी, वर्कशॉपमध्ये तिला ट्रॉली म्हणायचे. डबा उचलायचा, ट्रॉली बाहेर ओढायची, दुसरी आत सारायची. इथे सगळ्यांनी बरोबर वापरलंय याचा त्यांना आनंद झाला.

दुसरी: डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक (जोडलेल्या डब्यांचे संच) होते. एक चंदेरी, त्यावर शेंदरी लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. खालच्या चासी विलायतेहून आल्या होत्या, पण डब्यांचे सांगाडे माटुंग्याच्या शॉपमध्ये बांधले होते. हे वाक्य बाबांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. ते त्या शॉपला लागले त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट, तरी आमच्या शॉपने बांधले असंच म्हणतात.

मी विचारलं, मग १९३० चा रंग देऊ का? नको म्हणाले. त्यांना हवी ती निळी-पांढरी, मधे लाल पट्टा असलेली, त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज गेलेली. आणि पहिला डबा डायनिंग कार.

कळवा_यार्ड | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

बाबांना नमस्कार सांगा. डायनिंग कारची निवड उत्तम. टेबलं, खुर्च्या, पडदे, आत बघण्यासारखं काहीतरी असतं.

आता कापायचं कुठून ते. १:३० ने पूर्ण डबा ७११ मिमी. तो ४३० करा, बोगी-अंतर २७० ठेवा. वरच्या सूत्राने ७६५ त्रिज्येवर पोट १२ मिमी आत आणि टोकं १८ मिमी बाहेर. हे चालतं. डब्याची अर्धी रुंदी ५४, त्यात १८ मिळवा, वर थोडी मोकळीक. रुळाच्या मध्यापासून दोन्हीकडे ९० मिमीत काहीही नको, कुंडी नको, सिग्नल नको, फलाटाची कडाही नको.

कापताना एक पथ्य पाळा: खिडकीचं माप कमी करायचं नाही, खिडक्यांची संख्या कमी करायची. दार तेवढंच, व्हेस्टिब्यूल (एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट) तेवढंच, छताचा बाक तोच. मधल्या खिडक्यांतल्या पाचांपैकी दोन काढल्या की डोळा फसतो. मी पहिल्या डब्यात उलट केलं होतं, सगळ्या खिडक्या ठेवून प्रत्येक थोडी अरुंद केली. डबा चेपल्यासारखा दिसतो. अजून माळ्यावर आहे, त्यात मी आता खिळे ठेवतो.

मानपाडा_गच्ची | ६ ऑक्टोबर, दुपारी १:०५

साहित्याबद्दल लिहितो, कारण माझं नुकसान झालंय.

मी घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर, गच्चीत मार्ग आहे. डब्याचं छत थ्रीडी प्रिंट करून घेतलं, पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये. एप्रिलअखेर दुपारी गाडी उन्हात राहिली, तासाभरात छताची होडी झाली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि गडद रंगाची वस्तू आपल्या उन्हात तिथे सहज पोचते. प्रिंट करायचंच तर पीईटीजी घ्या, ते ऐंशीपर्यंत टिकतं. एएसए त्याहून बरं, उन्हाने पिवळंही लवकर पडत नाही.

सनबोर्ड चालतो, मात्र तो पीव्हीसीचा हवा, कागदी पाठीचा नको. भिंतींना ३ मिमी, खाली तळाला ५ मिमी. जोड आतून चौकोनी पट्टी लावून पक्के करा. नुसत्या फेव्हीक्विकवर विसंबू नका, दमट हवेत ते ठिसूळ होतं. दोन भागांचं इपॉक्सी लावा आणि रात्रभर हात लावू नका.

रंगाआधी प्रायमर, रंगानंतर ऊन सोसणारं मॅट क्लिअर. लाल पट्टा आधी की निळा आधी हा वाद नको: सगळ्यात फिका आधी. पांढरा पूर्ण वाळू द्या, मग टेप, मग निळा, शेवटी लाल. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून पुन्हा पांढऱ्याचाच हलका हात फिरवा. जी फट असेल ती पांढऱ्यानेच भरते आणि निळा आत झिरपत नाही. ही एक युक्ती मला सांगायला कोणी भेटलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते.

सोल्डर_ऐरोली | ६ ऑक्टोबर, रात्री ११:५०

दिव्यांचं माझ्याकडे लागलं.

दोन मार्ग आहेत. एक, रुळातून वीज घ्यायची. धातूची चाकं लागतात, त्यांना घासणारे पितळी स्पर्श, पुढे चार डायोडचा ब्रिज (१एन४००७ पुरतात), म्हणजे गाडी कुठल्याही दिशेला जावो, दिवा लागतो. त्यानंतर १,००० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर, रुळावर धूळ आली तरी दिवा लुकलुकत नाही. ब्रिजमध्ये साधारण १.४ व्होल्ट जातात, ते धरून चाला. रुळातला व्होल्टेज वेगाप्रमाणे बदलतो, म्हणून एलईडीला नुसता रेझिस्टर न लावता २० मिलिअँपिअरचा स्थिर-प्रवाह ड्रायव्हर लावा, सीएल२एन३ नावाचा छोटा तीन पायांचा मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सगळं एका फेरीत होईल.

दुसरा मार्ग बॅटरीचा, आणि बेलापूरसाठी मी तोच सुचवेन. खाडीची हवा, रूळ काळे पडणार. एक १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम), चार्जिंगची संरक्षण-पट्टी, तीन-चार एलईडी. तळाशी लॅचिंग रीड स्विच बसवा, म्हणजे चुंबकाने चालू-बंद होणारा आणि चुंबक हटवल्यावरही तसाच राहणारा. बाहेरून चुंबक फिरवला की दिवे लागतात, छत उघडावं लागत नाही. फेरीत अडथळाही कमी, कारण स्पर्श चाकांना घासून गाडी जड करतात. तुमचं इंजिन लहान आहे. दिवे लावलेले चार डबे स्पर्शांसकट ओढताना ते चढावर घसरेल.

एलईडी कुठली? पांढरीशुभ्र घेऊ नका. बाबांना विचारा, ते सांगतील.

बेलापूरचं_अंगण | ७ ऑक्टोबर, रात्री ९:००

विचारलं. बाबा म्हणाले, पिवळा. आसाला पट्ट्याने जोडलेला आल्टरनेटर, ४.५ किलोवॉटचा, ११० व्होल्टची बॅटरी आणि पिवळे बल्ब. गाडी घाटात हळू झाली की दिवे जरा मंद वाटायचे म्हणे. मग स्वतःच म्हणाले, तुझ्या डब्याखाली आल्टरनेटरची पेटी आणि बॅटरीची पेटी दिसली पाहिजे, नाहीतर तो डबा नव्हे. तळाचं सगळं सामान आता तेच करताहेत. पेट्या, हवेच्या टाक्या, पायऱ्या. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा, रिफिलच्या नळ्या. दोन रात्री टेबलावरचा दिवा बाराच्या पुढे जळतोय. आई ओरडते, पण चहा करून देते.

मोगरा_नेरूळ | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

मी गाड्यांतली नाही, बागेतली आहे, पण माझ्या भावाच्या मार्गाची झाडं मी बघते म्हणून लिहिते.

रुळांलगत ब्राह्मी लावा, जमिनीला धरून पसरते आणि पानं इतकी बारीक की डब्यापुढे झुडपासारखी वाटतात. सोनेरी ड्युरांटा कातरत राहिलात तर कुंपण होतं. तुळस हलवून आत घ्या, पानं गळून चाकांखाली येतात. आणि रूळ चिंच लावून घासू नका, माझ्या वहिनीने तसे घासले होते. दोन दिवस सोन्यासारखे दिसले, मग हिरवे पडले. भांड्यांची हिरवी घासणी कोरडी फिरवायची, बस. तारेची घासणी तर मुळीच नको. तिचे तुकडे इंजिनातल्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

माणसांसाठी एक सुचवते, दादा. दिवाळी जवळ आली आहे. किल्ल्यासाठी मातीची चित्रं विकायला बसतात, त्यात मावळ्यांबरोबर भाजीवाली, पाणी भरणारी, गुडघे दुमडून बसलेला म्हातारा अशीही असतात. बसलेली निवडा. उंची जवळपास जुळते का ते पट्टी घेऊन बघा.

त्रिज्या_आणि_जीवा | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

पट्टीसाठी आकडा: १:३० मध्ये १६५ सेंमीचा माणूस ५५ मिमी. टेबलामागे बसलेला डोक्यापर्यंत ४० च्या थोडा वर. मातीची जड असतात, पण सीटवर खाली बसणार, त्यामुळे हरकत नाही.

कळवा_यार्ड | ८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

वजनाचा विषय निघाला म्हणून. छत हलकं, तळ जड. तळाच्या आतून लोखंडी पट्टी चिकटवा, दोन बोग्यांच्या मधोमध.

आणि बोग्या बसवताना दोन्ही सारख्या बसवू नका. एक बोगी सगळीकडे डुलणारी ठेवा, दुसरी फक्त पुढे-मागे डुलणारी, डावी-उजवीकडे न कलणारी. तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही ना, तोच प्रकार. बागेतला रूळ कधीच सपाट राहत नाही, पावसात एक बाजू खचतेच. दोन्ही बोग्या घट्ट असल्या तर एक चाक हवेत राहतं आणि गाडी तिथेच उतरते.

चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर प्रत्येक जोडीला मोजा, ४० मिमीच्या आसपास हवं. कपलिंग बोगीला लावा, डब्याच्या अंगाला नको. ७६५ वर अंगाला लावलेलं कपलिंग शेजारच्या डब्याला रुळाबाहेर खेचतं. बफर (टोकांवरचे धक्के झेलणारे दांडे) दिसायला हवेत, पण आखूड करा, वळणावर एकमेकांत अडकतात.

नौपाडा_गोखले_रोड | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

काय झालं? चार चाकी केला का आधी?

बेलापूरचं_अंगण | ९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

उशिराबद्दल माफी. दिवाळी आणि काम दोन्ही एकत्र आलं.

हो, तुमचं ऐकलं. आधी दोन चार चाकी डबे केले, ३०० मिमीचे. पहिला तीनदा उतरला. एका जोडीचं अंतर ३८ निघालं, ते सुधारल्यावर उतरला नाही. दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला, गाडी किल्ल्याला वळसा घालून फिरली. सोसायटीतली पोरं रात्री दहापर्यंत हलेनात.

डायनिंग कार परवा पूर्ण झाली. ४३० मिमी, खिडक्या कमी, मापाने पूर्ण. निळ्याची कड टेप काढल्यावर सुरीने कापल्यासारखी सरळ आली, मानपाडाकर, त्याबद्दल खास धन्यवाद. जुन्या खऱ्या डायनिंग कारमध्ये ३२ जणांची बसायची सोय होती, आमच्यात १२ बसलेत. सगळी किल्ल्याची चित्रं, बाबांनी रंगवलेली. एका टेबलावर बाबांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय, कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाले ऑम्लेटची प्लेट.

सोनचाफ्याच्या वळणावर टोक १८ ऐवजी २१ मिमी बाहेर जातंय. बहुधा रूळ तिथे नीट गोल नाही. पण ९० मिमी मोकळे ठेवले होते, त्यामुळे कशालाच लागत नाही.

काल संध्याकाळी अंधार पडल्यावर बाबांनी स्वतः चुंबक फिरवून दिवे लावले. सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला हात वर करून गाडी थांबवायला सांगितली, टॉर्च घेऊन खाली वाकले आणि म्हणाले, "मागच्या ट्रॉलीचा एक डॅशपॉट वाकडा लागलाय. उद्या काढ, मी नीट करतो."

डॅशपॉट म्हणजे ट्रॉलीतलं धक्के शोषणारं नळकांडं. आज दुपारी नीट केला. पुढचा डबा सेकंड क्लास चेअर कार. बाबांना खिडक्यांचे आडवे गज हवे आहेत. १:३० ला अर्ध्या मिलिमीटरची तार लागेल. अशी सरळ तार कुठे मिळते, वेटोळ्यातली नको?

सोल्डर_ऐरोली | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

वेटोळ्यातलीच घ्या. एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडा, दुसरं ड्रिलमध्ये, ताणून धरून हळू फिरवा. पाच सेकंदांत दोरीसारखी सरळ होते. चष्मा घाला.

बेलापूरचं_अंगण | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

झाली सरळ. बाबा गज कापायला बसलेसुद्धा.